युनियन बांधताना मालकाने आडकाठी केली तर? इंदूर-पीथमपूरच्या कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनियन करायची म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो: काढून टाकतील का? सांवेर रोड, पोलोग्राउंड, पीथमपूर या औद्योगिक भागांतून आणि अलीकडे सुपर कॉरिडॉरकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी विचारले त्यांची नावं, कंपन्या आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

आधी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डरचा (कारखान्यातल्या नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या नियमांचा) कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा या तिन्हींची जागा तिने घेतली. खाली नुसतं 'संहिता' लिहिलं आहे ते हिच्याबद्दल. तुमचं प्रकरण त्या तारखेआधीचं असेल तर जुना कायदा बघावा लागेल. मात्र मालकाने काय करू नये याची यादी जुन्या कायद्यात आणि संहितेत जवळपास तीच आहे.

१. आमचे मॅनेजर म्हणतात, 'आपल्या कंपनीत युनियन चालत नाही, नियमातच नाही.' असा नियम करता येतो का?

नाही. संघटना किंवा युनियन बांधण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९(१)(ग) ने दिलेला आहे. नेमणूकपत्रात 'मी कुठल्याही युनियनचा सभासद होणार नाही' असं वाक्य घालून तुमची सही घेतलेली असली, तरी त्या जोरावर तुम्हाला अडवता येत नाही.

मात्र या हक्काची मर्यादाही समजून घ्या. युनियन बांधण्याचा हक्क म्हणजे मालकाने प्रत्येक मागणी मान्य केलीच पाहिजे असा हक्क नव्हे. संपाचा हक्कही त्यात आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. संपाचे नियम प्रश्न १९ मध्ये आहेत.

२. युनियनची नोंदणी झाली की मगच संरक्षण मिळतं ना? आमची तर अजून फक्त एक बैठक झाली आहे.

या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे. नोंदणीची वाट बघावी लागत नाही. युनियन 'संघटित करणं, स्थापन करणं, तिच्यात सामील होणं किंवा तिला मदत करणं' या प्रत्येक पायरीवर मालकाने दखल देण्याला, रोखण्याला किंवा जबरदस्ती करण्याला संहितेने मनाई केली आहे. चहाच्या टपरीवर चौघे बसून 'आपण युनियन करू या का' असं बोलले, तरी ते या संरक्षणात येतं.

नोंदणीने काही गोष्टींची भर पडते. युनियनला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व येतं, तिला वाटाघाटींचा दावा करता येतो आणि काही पदाधिकाऱ्यांना 'संरक्षित कामगार' हा दर्जा मिळतो (प्रश्न १५).

खरी अडचण पुराव्याची येते. पहिल्या बैठकीनंतर आठवडाभरात तुम्हाला काढलं, तर बैठक झाली होती आणि मालकाला ती माहीत होती, हे तुम्हाला दाखवावं लागेल. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. बैठकीची तारीख, जागा, हजर असलेल्यांच्या सह्या, काय ठरलं, एवढं एका पानावर मावतं. ते पान हाती नसल्यामुळे चांगली चांगली प्रकरणं लंगडी पडलेली मी पाहिली आहेत.

३. मालकाने नेमकं काय केलं की ते बेकायदा ठरतं?

संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत 'अनुचित कामगार प्रथां'ची यादी आहे. युनियन बांधणीच्या काळात तिच्यातल्या पुढच्या गोष्टी सर्रास दिसतात.

युनियनमध्ये गेलात तर नोकरी जाईल, अशी धमकी. युनियन झाली तर टाळेबंदी करू, कारखाना बंद करू, अशी धमकी. युनियन उभी राहत असतानाच तिची हवा काढण्यासाठी दिलेली पगारवाढ (प्रश्न ७). मालकाने स्वतःच युनियन उभी करणं, किंवा एका युनियनला पैसा आणि सवलती देणं (प्रश्न ८). दुसऱ्यांना सभासद व्हा म्हणून सांगणाऱ्याला शिक्षा करणं, त्याची ज्येष्ठता खाली आणणं, बढती रोखणं. फूट पाडण्यासाठी लायकी नसलेल्याला बढती देणं. खोट्या फौजदारी केसमध्ये अडकवणं. गैरहजेरीचा बनाव करून काढणं. धोरणाचं नाव पुढे करून सूडाने बदली करणं (प्रश्न ११). मालकाविरुद्ध तक्रार केली किंवा साक्ष दिली म्हणून त्रास देणं.

ही यादी छापून ठेवा. तक्रार लिहिताना 'फार त्रास देतात' असं लिहिण्यापेक्षा यादीतल्या कोणत्या कलमात तुमचा प्रसंग बसतो ते लिहा. अधिकारी तेच शोधत असतो. यादीचा दुसरा भाग कामगार आणि युनियनने काय करू नये याचा आहे, तोही वाचा: सभासद होण्याची जबरदस्ती, घेराव, मुद्दाम काम मंद करणं, मालकाच्या किंवा मॅनेजरच्या घरासमोर निदर्शनं, तोडफोड. यातलं काही केलंत तर तुमचीच बाजू पडते.

४. धमकी तोंडी दिली आहे. लेखी काहीच नाही. मग सिद्ध कसं करायचं?

धमकी लेखी देणारा मालक विरळाच, आणि कोर्टालाही ते ठाऊक असतं. त्याच दिवशी लिहून ठेवलेली नोंद, तिथे हजर असलेल्यांची साक्ष आणि पुढे घडलेल्या घटनांचा क्रम, यांवरून असा प्रसंग सिद्ध होऊ शकतो.

नोंद कशी लिहायची ते बघा. 'साहेबांनी धमकावलं' एवढंच लिहिलं तर त्याचा उपयोग नाही. 'मंगळवार, दुसरी शिफ्ट सुटताना, पॅकिंगच्या दारापाशी एचआर म्हणाले, महिनाअखेरीस युनियनवाल्यांची यादी निघेल. तेव्हा तिथे लाइनवरचे दोघे आणि गेटचा गार्ड उभे होते.' असं तारखेसह लिहा आणि त्या दोघांची नावं टाका. शब्द जसेच्या तसे, हिंदीत बोलले असतील तर हिंदीतच. मग त्याच रात्री ते व्हॉट्सअपवर एखाद्या विश्वासू माणसाला पाठवा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप राहते.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड झाला असेल तर मूळ फोन आणि मूळ फाइल जपा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन विकून टाकला की तिथेच पंचाईत होते.

५. नोंदणीसाठी किती माणसं लागतात? अर्ज कुठे करायचा?

अर्जावर किमान ७ सभासद हवेत. शिवाय अर्जाच्या दिवशी त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद असावे लागतात. कारखान्यात २४० कामगार असतील तर २४ लागतील. १,५०० असतील तर १०० पुरतील. ४० च असतील तर १० टक्के म्हणजे ४ होतात, पण ७ च्या खाली जाता येत नाही. हा आकडा नोंदणीनंतरही टिकवावा लागतो, त्यामुळे अगदी काठावर अर्ज करू नका. तीन-चार जणांनी दबावाखाली माघार घेतली तरी चालेल एवढी माणसं हाताशी ठेवा.

मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय भोपाळला नसून इंदुरातच आहे, ही आपली सोय. अर्ज हिंदीत लिहा. कुठला नमुना चालू आहे ते खिडकीवर विचारूनच भरा. संहितेनंतर नमुने बदलले, तर जुन्या फॉर्मवरचा अर्ज परत येण्यात आठवडे जातात.

बाहेरचे पदाधिकारी घेता येतात, पण एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा ५, यांतल्या कमी आकड्याइतकेच. असंघटित क्षेत्रातल्या युनियनला ही मुभा निम्म्यापर्यंत आहे.

६. अर्जावर नावं दिली की मालकाला कळतात का?

कळतील असं धरूनच चला. अर्जदारांचं नाव, वय, पत्ता, काम आणि कामाची जागा अर्जात द्यावी लागते आणि सभासदसंख्येची पडताळणी होऊ शकते. म्हणून अर्ज देण्याआधीच युनियन स्थापनेचा ठराव आणि पदाधिकाऱ्यांची यादी मालकाला स्पीड पोस्टाने पाठवून द्यावी, असं माझं मत आहे. अनेकांना हे उलटं वाटतं. पण पुढे कोणाला काढलं, तर 'आम्हाला हा युनियनमध्ये आहे हे माहीतच नव्हतं' ही मालकाची नेहमीची पळवाट त्या पोचपावतीने बंद होते. साध्या सभासदांची यादी मात्र पाठवू नका. तशी सक्ती नाही.

७. युनियनचं कळताच कंपनीने महिन्याला ८०० रुपये वाढवले. घ्यायचे की नाकारायचे?

घ्या. तो तुमच्या कामाचा पैसा आहे आणि घेतल्याने हक्क जात नाही. फक्त वाढ कधी जाहीर झाली, नोटिशीत काय कारण दिलं, आधीची वाढ कोणत्या महिन्यात झाली होती, हे लिहून ठेवा आणि नोटिशीचा फोटो काढा. दरवर्षी एप्रिलमध्ये होणारी वाढ एप्रिलमध्येच झाली तर त्यात गैर काही नाही. ऑक्टोबरमध्ये बैठक झाली आणि पुढच्याच आठवड्यात वाढ आली, तर ते यादीत बसतं. वाढीसोबत 'मला युनियनची गरज नाही' असा कागद पुढे केला तर सही करू नका.

८. कंपनीने स्वतःच एक 'कामगार समिती' काढली आहे आणि सगळ्यांना तिच्यात नाव द्यायला सांगतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती आणि १०० किंवा अधिक असतील तर सरकारच्या आदेशानुसार वर्क्स कमिटी, या कायद्याने सांगितलेल्या समित्या आहेत. त्यांत बसायला हरकत नाही. पण त्या युनियनची जागा घेऊ शकत नाहीत.

मालकाने वर्गणी भरलेली, एचआरच्या खोलीत पदाधिकारी ठरलेली 'युनियन' असेल तर ती अनुचित प्रथा आहे. हे दुखणं गंभीर आहे, कारण पुढे वाटाघाटी कोणी करायच्या ते सभासदसंख्येवर ठरतं. एकापेक्षा जास्त युनियन असल्या तर ५१ टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तेवढा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बनते. मालकाची युनियन ५१ टक्क्यांवर गेली तर तुम्ही बाहेर. तेव्हा तिच्या सभा कोणाच्या वेळेत झाल्या, जेवणाचं बिल कोणी भरलं, सभासद अर्ज कोणी वाटले, याच्या नोंदी सुरुवातीपासून जमवा.

९. कारखान्याच्या आत युनियनचा प्रचार करता येतो का?

कामाच्या वेळेत नको. मालकाच्या जागेत सभा घेण्याचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या एका प्रकरणात १९६९ मध्ये म्हटलं आहे. विनापरवानगी पत्रकं वाटणं हे अनेक कारखान्यांच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये गैरवर्तन म्हणून लिहिलेलं असतं, आणि मालक नेमका अशा निमित्ताच्या शोधात असतो. जेवणाच्या सुटीत दोघांनी आपापसात बोलणं निराळं. सभा गेटबाहेर, वस्तीत, एखाद्या धर्मशाळेत घ्या.

१०. दिवाळी बोनसच्या वेळी कोऱ्या कागदावर सही घेतली. आता म्हणतात, तुझा राजीनामा आमच्याकडे आहे.

लगेच, शक्य तर त्याच दिवशी, मालकाला स्पीड पोस्टाने कळवा की अमुक तारखेला कोऱ्या कागदावर सही घेतली होती, मी राजीनामा दिलेला नाही आणि मी कामावर यायला तयार आहे. एक प्रत श्रम कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर पावतीचा शिक्का घ्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गेटवर हजर राहा. आत सोडलं नाही तर तसं पुन्हा कळवा.

घरी बसून राहण्याची चूक करू नका. 'कामगार स्वतःच यायचा बंद झाला' ही कहाणी तुमच्या गैरहजेरीवरच उभी राहते. फुल अँड फायनलचे पैसे खात्यात जमा झाले तर 'हिशोब मान्य नाही, हक्क राखून स्वीकारतो' असं लेखी कळवा.

११. युनियनचा सचिव झालो आणि आठ दिवसांत बदली गुजरातच्या प्लांटला. जाऊ की नको?

नेमणूकपत्रात बदलीची अट असेल तर मालकाला बदलीचा अधिकार असतो. पण तो सूडासाठी वापरता येत नाही. बदलीच्या आदेशाचा सरळ भंग केलात तर तेच गैरवर्तन म्हणून तुमच्यावर उलटतं, म्हणून नुसतं 'जात नाही' म्हणून बसू नका. लेखी हरकत घ्या, कारण विचारा, तुमच्या पदावर आधी कोणाची बदली झाली होती का ते मांडा आणि ताबडतोब विवाद उपस्थित करा. रुजू होऊन लढायचं की इथेच राहून, हे घरच्या परिस्थितीवर आहे. तिथे रुजू होऊन 'हरकतीसह रुजू' असं लिहून देणं बहुतेकांसाठी कमी जोखमीचं, असं मला वाटतं.

१२. दहा मिनिटं उशिरासाठी चार्जशीट दिलं आहे. एवढ्याशा गोष्टीला उत्तर काय द्यायचं?

उत्तर द्यायचंच, आणि मुदतीत. किरकोळ किंवा तांत्रिक चुकीसाठी, तिचं स्वरूप आणि तुमची मागची नोकरी न बघता काढून टाकणं हेही यादीत आहे. पण गप्प बसलात तर चौकशी एकतर्फी होते.

तुमच्या खात्यात त्याच महिन्यात आणखी किती जण उशिरा आले होते? त्यांना काय झालं? पंचिंग मशीनच्या नोंदींची आणि हजेरीपत्रकाची प्रत लेखी मागा. विभागात चाळीस जण कधी ना कधी पाच-दहा मिनिटं उशिरा येतात, वर्षानुवर्षं कोणाला साधा मेमो नाही आणि युनियनच्या बैठकीनंतर फक्त तिघा पदाधिकाऱ्यांना चार्जशीट, हे चित्र कागदावर आलं की सूडबुद्धी दाखवायला दुसरं फारसं लागत नाही. मालकाने प्रत नाकारली तरी तुमचा मागणीअर्ज फाइलला राहतो.

चौकशीत आरोप लेखी मिळणं, साक्षीदारांची उलटतपासणी करणं, स्वतःचे साक्षीदार आणणं, भाषा समजत नसेल तर तसं सांगणं, हे तुमचे हक्क आहेत. चौकशीच्या रोजच्या कामकाजाच्या कागदावर न वाचता सही करू नका. संहितेचं स्टँडिंग ऑर्डरचं प्रकरण ३०० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी लागू होतं. तिथे निलंबन केलं तर पहिल्या ९० दिवसांसाठी ५० टक्के निर्वाह भत्ता आणि त्यानंतर, उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के मिळतो.

१३. काढूनच टाकलं. आता पहिलं काय करायचं?

पहिल्या आठवड्यात मालकाला मागणीपत्र पाठवा: बडतर्फी युनियनच्या कामामुळे आहे, कामावर परत घ्या. मग समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे श्रम कार्यालयात, विवादाचा अर्ज. एकट्या कामगाराची बडतर्फी हाही औद्योगिक विवादच असतो, युनियनची सही लागत नाही.

समेटाच्या कार्यवाहीचा अहवाल साधारण ४५ दिवसांत यायला हवा. तडजोड झाली नाही तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. विवाद उद्भवल्यापासून २ वर्षं उलटली की समेटाची कार्यवाहीच होत नाही. 'साहेब घेतो म्हणालेत' या आशेवर वर्ष घालवणाऱ्यांना हे मी कळकळीने सांगते: साहेब घेतील तर उत्तमच, अर्ज मागे घेता येतो. गेलेली मुदत परत आणता येत नाही.

न्यायाधिकरण बडतर्फी रद्द करून कामावर घ्यायचा आदेश देऊ शकतं. बेकायदा काढलेल्याला मागचा पगारही मिळणं हा साधारण नियम असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. मात्र मधल्या काळात दुसरीकडे कमावत नव्हतो, हे कामगाराने सुरुवातीलाच मांडावं लागतं.

१४. पुण्याचे मामा म्हणतात, कामगार अशा तक्रारी थेट कोर्टात नेतो. आपल्याकडचे वकील म्हणतात, तसं जाता येत नाही. खरं कोण?

दोघेही. मामा सांगतात तो महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे. अनुचित कामगार प्रथेची तक्रार त्याखाली थेट कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात होते. तो कायदा महाराष्ट्रापुरता आहे, नर्मदेच्या अलीकडे लागू नाही. नात्यातली मंडळी तिकडे असल्याने हा घोळ आपल्या घरांत फार होतो.

मध्य प्रदेशात दोन वाटा आहेत. नोकरी परत हवी असेल तर प्रश्न १३ ची विवादाची वाट. मालकाला दंड व्हावा असं वाटत असेल तर श्रम कार्यालयात तक्रार, कारण सरकारच्या किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेत नाही. थेट जाण्याची एक वाट मात्र आहे, ती पुढच्या उत्तरात.

१५. 'संरक्षित कामगार' म्हणजे काय? मग त्याला काढताच येत नाही का?

नोंदणीकृत युनियनचे काही पदाधिकारी या नावाने ठरवले जातात. संख्या एकूण कामगारांच्या १ टक्का, पण किमान ५ आणि कमाल १००. समेट किंवा न्यायाधिकरणात विवाद चालू असेपर्यंत त्यांना, त्या विवादाशी संबंध नसलेल्या कारणासाठीसुद्धा, आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय काढता येत नाही. दर्जा आपोआप मिळत नाही. ठरलेल्या मुदतीत युनियनने मालकाला नावं कळवावी लागतात. ते करायला बऱ्याच युनियन विसरतात.

बाकीच्या कामगारांनाही विवाद चालू असताना थोडं कवच आहे. विवादाशी संबंधित गैरवर्तनासाठी काढायचं तर आधी परवानगी लागते. इतर गैरवर्तनासाठी काढायचं तर एक महिन्याचा पगार देऊन मंजुरीचा अर्ज करावा लागतो. जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ मध्ये सांगितलं की मंजुरी न घेता केलेली बडतर्फी टिकत नाही. आणि हा नियम मोडला गेला तर कामगार ज्याच्यापुढे विवाद चालू आहे त्याच्याकडेच थेट तक्रार करू शकतो.

१६. आम्ही ठेकेदाराकडे आहोत. कंपनीने ठेकेदाराला सांगून आम्हाला बंद केलं. आणि ज्यांचं एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे त्यांचं काय?

ठेका कामगारही युनियन करू शकतो, ठेकेदारही मालकाच्या व्याख्येत येतो. तक्रारीत ठेकेदार आणि मुख्य कंपनी दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. गेटपास, ईएसआयचं कार्ड, पीएफचा यूएएन क्रमांक, कंपनीच्या सुपरवायझरने व्हॉट्सअपवर दिलेल्या कामाच्या सूचना हे सगळं जपा.

ठरावीक मुदतीच्या कामगारांची बाजू सगळ्यात नाजूक आहे. मुदत संपल्यावर नोकरी संपली तर ती कामगार कपात (छाटणी) धरली जात नाही. बाकी सगळ्यांची मुदत वाढली आणि फक्त युनियनवाल्यांची नाही, एवढं दाखवता आलं तरच हातात काही राहतं. म्हणून या गटातल्या मुलामुलींना सगळ्यात पुढे उभं करू नका.

१७. मी सुपरवायझर आहे / आयटीत आहे / शाळेत शिकवते / ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्स आहे. मला हे लागू आहे का?

युनियनचं सभासदत्व आणि विवादाचं संरक्षण या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. सभासद होण्यासाठी व्याख्या मोठी आहे: उद्योगधंद्यात नोकरीला असलेले सगळे, असंघटित कामगारही. बडतर्फीचा विवाद नेण्यासाठी मात्र 'कामगार' ठरावं लागतं. महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगाराचा सुपरवायझर आणि व्यवस्थापनाचं काम करणारे त्यातून वगळले आहेत. हुद्द्याचं नाव बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात. 'एक्झिक्युटिव्ह' म्हणवून दिवसभर कोड लिहिणारा, ज्याच्या हाताखाली कोणी नाही आणि जो कोणाची रजा मंजूर करत नाही, तो तांत्रिक काम करणारा कामगार असू शकतो.

शिक्षक औद्योगिक कायद्यात कामगार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निर्णय आहे. सेवाभावी संस्थांना संहितेने 'उद्योगा'तून वगळलं आहे, त्यामुळे ट्रस्टचं हॉस्पिटल खरोखर सेवाभावी आहे की नावापुरतं, यावरच वाद होतो. अप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ 'कामगार' धरले जात नाहीत.

१८. घर इंदुरात, कारखाना पीथमपूरला. अर्ज कुठे?

कामाच्या जागेप्रमाणे. पीथमपूर धार जिल्ह्यात येतं, त्यामुळे विवादाचा अर्ज धार जिल्ह्याच्या श्रम कार्यालयाकडे. बँक, रेल्वे, विमा यांच्यासाठी केंद्राची यंत्रणा आहे, आणि केंद्राचं औद्योगिक न्यायाधिकरण जबलपूरला आहे. उच्च न्यायालयासाठी मात्र इंदूर खंडपीठ आहेच.

१९. एकाला काढलं म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून एक दिवस कॅज्युअल टाकली. हा संप आहे का?

५० टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर संहितेनुसार तो संपच. आणि आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपाआधी नोटीस लागते. नोटिशीनंतर १४ दिवस संप करता येत नाही आणि नोटीस ६० दिवसांपर्यंतच चालते. समेट चालू असताना आणि त्यानंतर ७ दिवस संप बेकायदा. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय दहा किंवा अधिक जण संगनमताने विनानोटीस गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो.

साथीदाराला काढल्याचा संताप योग्यच आहे. पण नेमका याच क्षणी घाईने केलेला संप मालकाला हवा असतो, कारण त्यानंतर चर्चा त्याच्या धमकीवरून तुमच्या बेकायदा संपावर जाते. आधी प्रश्न १३ ची वाट धरा.

२०. घरचे म्हणतात, युनियनबाजीमुळेच इंदूरच्या मिल बंद पडल्या. आमचे साहेबही तेच ऐकवतात.

हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी ही नावं आपल्यातल्या कितीतरी घरांच्या चुलीशी जोडलेली आहेत, म्हणून हा प्रश्न मी टाळत नाही. जुनी यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा, थकलेली कर्जं अशा कारणांनी देशभरातल्या कापड गिरण्या बसल्या. सगळा दोष युनियनवर टाकणं हे इतिहासाला धरून नाही. १९६२ मध्ये याच शहराने होमी दाजींसारख्या कामगार नेत्याला लोकसभेत पाठवलं होतं, आणि गिरण्या त्यानंतर कितीतरी वर्षं चालल्या.

उलट हुकूमचंदचंच बघा. मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. मधली तीस-बत्तीस वर्षं तो दावा कामगारांनी एकत्र राहून जिवंत ठेवला. एकेकटे लढले असते तर काय झालं असतं, याचा विचार घरच्यांनी करावा.

साहेबांपुरतं बोलायचं तर 'ऑर्डर कमी आहेत' हे खरं असेल तर ते सांगण्यात गुन्हा नाही. 'युनियन केलीत तर बंद करीन' ही धमकी, प्रश्न ३ मधली. ३०० किंवा अधिक कामगारांचा कारखाना सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय बंद करता येत नाही. त्याहून लहान, पण ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यालाही ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

२१. पोलीस ठाण्यातून फोन आला, 'येऊन भेटा.' काय करू?

एकटे जाऊ नका. लेखी नोटीस मागा. गेलात तर जाण्या-येण्याची वेळ लिहून ठेवा आणि युनियन सोडण्याबद्दलच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. खोटी केस झाली तर ती जामिनापुरती वेगळी लढा आणि विवादाच्या अर्जातही तारखेसह मांडा.

२२. मालकाला शिक्षा काय होते? आणि या सगळ्याला किती वेळ लागतो?

अनुचित कामगार प्रथेला १०,००० ते २ लाख रुपये दंड. पुन्हा तेच केलं तर ५०,००० ते ५ लाख रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होती, पण दंड १,००० रुपयांपर्यंतच. पहिल्या गुन्ह्यात कैद गेली हे मला पटत नाही. मोठ्या कंपनीला २ लाख म्हणजे काहीच नाही, आणि ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोयही आहे. दंडाचा पैसा सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही. म्हणून आधी नोकरी परत मिळवण्याच्या मागे लागा.

वेळ लागतो, वर्षं लागू शकतात. न्यायाधिकरणाने कामावर घ्या म्हटलं आणि मालक उच्च न्यायालयात गेला, तर तिथला निकाल लागेपर्यंत शेवटचा पूर्ण पगार मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, तुम्ही दुसरीकडे नोकरीला नसाल तर. त्यासाठी तसं शपथपत्र द्यावं लागतं. ते आपल्या वकिलाला स्वतःहून आठवून द्या.